उष्टं पाणी

"बारा वाजले," मी म्हणालो. "आता मी पुढं येतो."

रॉइसने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो बोटीच्या नाकावरच्या उंच खुर्चीवर बसला होता. उजवा पाय छोट्या मोटरच्या पेडलवर, हातात रॉड, नजर धक्क्याच्या खांबांवर. मी मागच्या खुर्चीत. माझ्यासमोर त्याची पाठ. ही पाठ मी सव्वीस वर्षं बघत आलोय. तिच्यावरचे शर्ट बदलले, तिची रुंदी वाढली, वरचे केस आधी पांढरे झाले आणि मग गेले, पण पाठ तीच. माझ्या बायकोची पाठसुद्धा मी इतकी बघितलेली नाही.

"रॉइस, बारा वाजले म्हणतोय मी."

"मग? भूक लागली का? पेटीत सॉसेजचा डबा आहे बघ. बिस्किटं पण आहेत."

"नियम अकरा," मी म्हणालो. "अर्धा दिवस झाला की मागच्यानं मागितली तर पुढची जागा द्यायची."

आता मात्र तो वळला. काळा चष्मा कपाळावर चढवून त्याने माझ्याकडे बघितलं.

"कुणाचा नियम?"

"आपल्या क्लबचा."

"आपल्या क्लबात असला नियम आहे?"

"आहे. मीच टाइप केलाय."

हे खरं होतं. जानेवारीत आमच्या क्लबच्या सेक्रेटरी मिस विनोना यांनी मला गाठलं होतं. बेल फोर्क बास क्लबात, म्हणजे बास जातीचे मासे धरणाऱ्या आमच्या मंडळात, नवीन सभासद येतात आणि त्यांना आमचे शब्दच कळत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. "लाइल, तू एक यादी कर," त्या म्हणाल्या. "तू मागं बसतोस, तुला वेळ असतो." हे त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं, म्हणून मी हो म्हणालो. कोंबड्यांच्या कारखान्यात मी शीतगृहाची यंत्रं सांभाळतो. जेवणाच्या सुट्टीत बसून, हातमोजे काढून, मी एकेचाळीस शब्द लिहिले. आडोसा: मासा ज्याच्या आड बसतो ते काहीही, झाड, गवत, धक्का. घरटं: गळ फेकताना रिळावर अंगठा उशिरा पडला की दोऱ्याचा जो गुंता होतो तो. जिवंत टाकी: पकडलेले मासे संध्याकाळी परत तलावात सोडायचे असतात, तोवर ते ज्यात ठेवायचे ती बोटीतली पाण्याची टाकी. अदलाबदल: प्रत्येकाला पाचच मासे ठेवता येतात, सहावा मोठा लागला की सगळ्यांत छोटा सोडून द्यायचा. असं सगळं. एकेचाळिसावा शब्द होता उष्टं पाणी. पुढच्या माणसाने आधीच गळ टाकून झालेलं पाणी, मागच्याच्या वाट्याला येतं ते, असं मी लिहिलं होतं. तो मिस विनोनांनी खोडला. म्हणाल्या, "नवीन माणूस हे वाचून पळून जाईल रे." म्हणून यादी चाळीस शब्दांची झाली.

कागदाची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर क्लबचे जुने नियम टाइप कर म्हणाल्या. तेव्हा मला अकरावा नियम सापडला. ज्यांनी तो लिहिला ते दोघंही आता बॅप्टिस्ट चर्चमागच्या दफनभूमीत आहेत. नियम होता, पण तो कुणी कधी वापरला नव्हता. बोट ज्याची तो पुढे. मागचा माणूस खायचं आणतो, दोरी बांधतो, जाळं धरतो आणि दिवस संपल्यावर आभार मानतो. पुढची जागा मागायची म्हणजे पाहुणा म्हणून गेलेल्या घरात यजमानाच्या पलंगावर जाऊन झोपायचं. आमच्याकडे असं कुणी करत नाही.

मी ते करत होतो. त्याला कारण होतं.

आमच्या क्लबात वर्षाला सात स्पर्धा होतात. सातही दिवसांच्या माशांचं वजन एकत्र करतात आणि वरचे सहा जण अलाबामा राज्याच्या स्पर्धेला जातात. त्यांना क्लबतर्फे निळा शर्ट मिळतो. पाठीवर आपलं नाव, खाली गावाचं नाव. रॉइसकडे असे नऊ शर्ट आहेत. माझ्याकडे एकही नाही. हे मी कधी कुणाला बोललो नाही, पण बोलायला लाज कशाला वाटायला हवी? मला तो शर्ट हवा होता. एकसष्टाव्या वर्षी, गुडघे गेलेले असताना, मला तो एखाद्या शाळकरी पोरासारखा हवा होता.

आणि या वर्षी तो हाताशी आला होता. उन्हाळा भयंकर झाला. मासे खोल गेले, आणि खोल पाण्यात घाई करणाऱ्याचं काही चालत नाही. उष्टं पाणी ढवळत बसायची माझी सवय पहिल्यांदा कामाला आली. रबरी गांडूळ तळाला टेकवायचं आणि दहापर्यंत आकडे मोजेपर्यंत हलवायचं नाही. रॉइसला तीनच्या पुढे मोजवत नाही. सहा स्पर्धा झाल्या तेव्हा मी सहाव्या जागेवर होतो आणि रॉइस सातव्या. आमच्यात दीड पौंडाचं अंतर. वरचे पाच जण इतके पुढे होते की त्यांचं काही हलणार नव्हतं. राहिली एकच जागा, एकच दिवस, आणि आम्ही दोघं एकाच बोटीत.

पहाटे बोट पाण्यात घालताना रॉइस म्हणाला होता, "जो जिंकेल तो जिंकेल, काय गड्या? आपल्यात कसली स्पर्धा!" आणि त्यानंतर त्याने पाच धक्क्यांपाशी गळ टाकले आणि पाचही धक्क्यांना नाक लावलं.

नाक लावणं हाही यादीतलाच शब्द. बोट अशी उभी करायची की आडोशाला फक्त पुढच्याचाच गळ पोहोचेल. मागच्यापुढे राहतं नुसतं उघडं पाणी, ज्यात मासा असण्याचं काही कारण नसतं. ही शिवी नाही, पण कुणाच्या तोंडावर म्हटली तर हाणामारी होऊ शकते. रॉइस याआधीही नाक लावायचा, पण बेफिकिरीने, लक्ष नसल्यामुळे. त्या दिवशी तो पेडलवर टाच दाबून जरा जरा दुरुस्ती करत होता. मी बघत होतो ना त्याच्या पाठीमागून. माझा गळ कुठवर जातो याचा अंदाज घेऊन तो बोट वळवत होता.

बारा वाजेपर्यंत त्याच्याकडे चार मासे झाले, नऊ पौंड. माझ्याकडे दोन, चार पौंड. त्याचे चारही मासे मीच जाळ्यात घेतले होते. एकदा तर माझा स्वतःचा गळ पाण्यात होता, तो तसाच टाकून मी जाळं घेऊन धावलो. माझं नशीब माझ्याच हाताने मी त्याच्या टाकीत घालत होतो, आणि प्रत्येक वेळी तो म्हणत होता, "शाब्बास, लाइल."

"खरंच येणार तू पुढं?" रॉइसने विचारलं.

"नियम आहे."

"नियमाचं ठेव रे. तुला यायचंय का?"

"हो."

रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो हसला, डोकं हलवलं आणि उठला. "ये बाबा, ये. आपली बोट, तुझी बोट. फक्त खडकावर घालू नको, अजून नवी आहे."

अरुंद बोटीत आम्ही एकमेकांना घासून पलीकडे झालो. मी पुढे गेलो. तिथून तलाव वेगळाच दिसत होता. समोर कुणाची पाठ नाही. ऑक्टोबरचं ऊन, दोन्ही काठांना पिवळी पडलेली झाडं, आणि पाणी माझ्या बुटांपासून सुरू होऊन थेट पलीकडच्या टेकडीपर्यंत. मला लाज वाटेल इतका आनंद झाला.

मग मी पेडलवर पाय ठेवला.

सव्वीस वर्षांत मी त्या पेडलला हातही लावलेला नव्हता, म्हणजे पायही. रॉइस कुणाला लावू देत नसे. दिसायला सोपं वाटतं. अंगठ्याने दाबलं की बोट उजवीकडे, टाचेने दाबलं की डावीकडे, बाजूच्या बटणाने पुढे. मी बटण दाबलं आणि बोट उसळी मारून सरळ धक्क्याच्या दिशेने निघाली. टाच दाबली ती जास्त दाबली. बोट गोल फिरली. खांबाला जाऊन ठण्णकन आपटली. धक्क्याखाली जे काही मासे असतील ते सगळे एव्हाना पुढच्या जिल्ह्यात पोहोचले असतील.

"हळू," मागून आवाज आला. "बाळाच्या पाळण्याला पाय लावतो तसं."

"कळतंय मला."

"कळतंय तर बरंय."

दुसऱ्या धक्क्याला मी आडवा गेलो. तिसऱ्याला वाऱ्याने मला इतकं लांब नेलं की गळ पोहोचेना. माझ्या पोटरीत गोळा आला. एका हातात रॉड, एक पाय पेडलवर, डोळे खांबावर, आणि कान मागे, कारण रॉइस मागे गप्प बसलेला नव्हता. त्याला तिथे बसवत नव्हतं.

"इथं पाय कुठं ठेवायचे रे?"

"पेटीवर."

"पेटीवर ठेवले तर गुडघा तोंडात येतो." थोड्या वेळाने, "इथून काही दिसतच नाही. तुझं डोकं मधे येतं." मग त्याने गळ फेकला तो माझ्या टोपीत अडकला. टोपी उडून पाण्यात पडली आणि त्याने ती माशासारखी ओढून घेतली. आम्ही दोघंही हसलो. पुढच्याच फेकीला त्याच्या रिळाचं घरटं झालं, असं की दहा मिनिटं तो नुसता दोरा उपसत बसला.

"लाइल," तो म्हणाला, "तू इथून मारतोस कसा रे?"

सव्वीस वर्षांत त्याने मला हे पहिल्यांदा विचारलं होतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी त्याला सांगितलंही. मागून फेकायचं तर मनगटाने, खांद्याने नाही. पुढच्याचा गळ पडून उठला की मग त्याच जागेच्या पलीकडे हातभर. माशाने पहिलं आमिष नाकारलेलं असतं, पण तो तिथेच असतो, चिडलेला असतो. त्याला वेळ द्यायचा. रॉइस "हां, हां" म्हणत होता. तो ऐकत नव्हता, दोरा सोडवत होता.

दोनच्या सुमारास मला पेडल थोडं जमायला लागलं. एका जुन्या, पडक्या धक्क्यापाशी आलो. अर्ध्या फळ्या गेलेल्या, खाली एक बुडालेली नाव. असल्या आडोशाला रॉइसने कधी गळ टाकला नसता, त्याला नवे धक्के आवडतात. मी बोट वाऱ्यावर सोडून दिली, मोटर बंद केली आणि गांडूळ त्या नावेच्या कडेला उतरवलं. पाच मोजले. सात. नऊ.

दोरा बाजूला सरकला. ओढला नाही, नुसता सरकला. मोठा मासा असाच घेतो. मी रॉडला झटका दिला आणि तो मधोमध वाकला.

"लागला," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"मोठा?"

"मोठा."

तो नावेखाली घुसायला गेला, मी त्याला वळवला. एकदा वर आला, तोंड उघडून डोकं झाडलं. पाच पौंड होता. जास्तच असेल, कमी नाही. माझ्या डोक्यात आकडे आपोआप जुळले. हा टाकीत पडला की मी पुढे, आणि तीन वाजता संपेपर्यंतच्या एका तासात रॉइस मागच्या खुर्चीवरून काहीही करू शकणार नव्हता. निळा शर्ट माझा. मला पाठीवरची अक्षरंसुद्धा दिसली.

"जाळं!" मी ओरडलो.

रॉइस जाळं घेऊन पुढे आला. ते उलटं धरलं होतं, दांड्याऐवजी कड्याला पकडून. त्याने ते सरळ केलं. मासा बोटीच्या कडेला येत होता, दमलेला, आडवा. हे काम मी हजार वेळा केलंय. जाळं आधीच पाण्यात धरायचं, स्थिर. मासा डोक्याकडून आत येऊ द्यायचा. त्याच्या मागे जायचं नाही. शेपटीला काही लागलं की तो पुढे उसळतो आणि सगळं संपतं. यात कसब काही नाही, फक्त थांबायचं असतं.

"डोक्याकडून," मी म्हणालो. "डोक्याकडून घे. थांब. येऊ दे त्याला."

रॉइसने जाळं वरून खाली मारलं, माशी मारतात तसं. शेपटीवर. जाळ्याची कड दोऱ्याला लागली. मासा एकदा उलटला, पाण्याचा फवारा माझ्या तोंडावर आला, आणि रॉड सरळ झाला. गांडूळ माझ्या छातीवर येऊन चिकटलं.

पाण्यावरची वर्तुळं मोठी होत गेली.

"मला वाटलं आत आला," रॉइस म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मला तिथे लबाडी शोधायची होती, आणि देवाशपथ सांगतो, मी जीव तोडून शोधली. डोळ्यांत, ओठांच्या कोपऱ्यात. नव्हती. तो त्या जाळ्याकडे बघत होता. स्वतःच्या स्वयंपाकघरात साखर कुठे असते हे माहीत नसलेला नवरा डबे उघडून बघतो, तसा. या माणसाचे हजार मासे मी जाळ्यात घेतले. त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या पायाशी गुडघे टेकून. ते कसं करतात हे त्याने एकदाही बघितलं नव्हतं. त्याचं लक्ष माशावर असायचं.

त्याने मुद्दाम केलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. मुद्दाम करायचं म्हटलं तरी दुसऱ्याकडे बघावं लागतं.

"असू दे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तीनला पंधरा मिनिटं असताना मला आणखी एक मिळाला, तीन पौंडांना थोडा कमी. तो मी स्वतःच जबड्याला धरून आत घेतला. रॉइस जाळं घेऊन उठला होता, मी त्याला बस म्हणालो.

बोटी पाण्यात सोडायच्या उताराच्या वर पत्र्याच्या शेडमध्ये वजनकाटा असतो. बाराही बोटींची माणसं आपापल्या माशांच्या पिशव्या घेऊन रांगेत उभी राहतात. मिस विनोना साखळीचा चष्मा लावून आकडे वाचतात. रांगेत असतानाच रॉइसने सुरुवात केली. त्याला लोक लागतात आणि लोकांना तो.

"मंडळी, ऐका! आज मी लाइलचा सहा पौंडाचा मासा घालवला!"

"घालवला म्हणजे?"

"जाळं धरायला दिलं मला. मी काय जन्मात धरलंय का? असा मारला मी त्याला वरून..." आणि त्याने पिशवी खाली ठेवून हातवारे करून दाखवलं. मग माझी पेडलची गंमत. बोट गोल कशी फिरली, धक्का कसा हादरला. लोक पोट धरून हसले. तो वाईट बोलत नव्हता. त्याच्या गोष्टीत हसं दोघांचंही होतं, स्वतःचं जरा जास्तच. माझा मासाही त्याने एक पौंडाने मोठा करून सांगितला. दुसऱ्याचा मासा मोठा करून सांगणारा माणूस मी आमच्या क्लबात त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मीही हसलो. ते हसू आठवलं की अजून माझे कान तापतात.

मिस विनोनांनी बेरीज दोनदा केली. मग चष्मा काढला.

"सहावा रॉइस टिडमोर," त्या म्हणाल्या. "सातवा लाइल हटो. अकरा औंसांनी."

अकरा औंस म्हणजे किती, तर पाऊण पौंडही नाही; माझी बायको नॅडीन लोण्याची जी पेटी आणते तिच्यातल्या तीन वड्याही नाहीत. सगळ्यांनी आत्ताच ती गोष्ट ऐकली होती. सगळ्यांना हिशेब कळला. रॉइसलाही कळला, सगळ्यांच्या शेवटी, आणि त्याचा चेहरा उतरला.

"नाही नाही," तो म्हणाला. "हे बरोबर नाही. मिस विनोना, मी नाव काढून घेतलं तर?"

"तर सातवा जाईल. तसं करता येतं."

"मग काढा माझं नाव. लाइल, तू जा. तुझा मासा माझ्यामुळं गेला. माझ्याकडं नऊ शर्ट पडलेत, दहावा घेऊन काय करू? तू जा, भावा."

कुणीतरी टाळी वाजवली. दोघातिघांनी साथ दिली. "वा रॉइस," एक जण म्हणाला. बारा बोटींची माणसं माझ्याकडे बघत होती, आणि सगळ्यांचे चेहरे असे की आता मी पुढे जाऊन त्याला मिठी मारावी. मिस विनोनांनी पेन उचललं होतं.

मला शर्ट हवा होता. त्या क्षणीही हवा होता, हे लपवत नाही. पण तो अंगात घालून मी कुठेही गेलो असतो तरी तो रॉइसने दिलेला शर्ट असता. त्याने आधी गळ टाकून झाल्यावर, नऊ वेळा पोट भरल्यावर, बाजूला सरून मला दिलेली जागा. आयुष्यभर मी तेच तर घेत आलो होतो, आणि वर आभार मानत आलो होतो.

"नको," मी म्हणालो.

"अरे लाइल, वेडा का काय..."

"वजन तुझं जास्त आहे. तू जा."

"खरंच?"

"खरंच."

"नंतर म्हणू नको हं." त्याने एक क्षण थांबून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्याचे खांदे सैल झाले. मग तो मिस विनोनांकडे वळला. "बरं, मग माझा शर्ट या वेळी डबल एक्सेल लिहा. मागच्या वर्षीचा पोटावर बसत नाही."

लोक पुन्हा हसले. मी माझे तीन मासे घेऊन पाण्याकडे गेलो आणि सोडून दिले.

घरी आलो तेव्हा नॅडीन शेंगा सोलत बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं, तरी विचारलं. मी सगळं सांगितलं. जाळ्याचं, अकरा औंसांचं, शेडमधलं.

"म्हणजे तो देत होता आणि तू घेतलं नाहीस?"

"नाही घेतलं."

"सव्वीस वर्षं त्याचं सगळं घेतलंस," ती म्हणाली. "त्याची बोट, त्याची वेळ, त्याचं पाणी. आम्ही इकडं शनिवार शनिवार वाट बघत बसलो. आणि ज्या दिवशी तुला पाहिजे ते मिळत होतं, त्या दिवशी तुझा ताठा जागा झाला?"

ती शेंगा सोलत राहिली. जेवायला वाढताना तिने मला दोनदा हवं-नको विचारलं, नेहमी ती एकदाच विचारते.

राज्याच्या स्पर्धेत रॉइस अठ्ठाविसावा आला. हिवाळाभर तो निळा शर्ट घालून नाश्त्याला जायचा. मला भेटला की पाठीवर थाप मारायचा. आमच्यात काही बिघडलंय हे त्याला माहीतही नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. काय सांगणार? तू कधी माझ्याकडे बघितलं नाहीस, असं एका म्हाताऱ्याने दुसऱ्या म्हाताऱ्याला सांगायचं?

मार्चमध्ये त्याचा फोन आला. "शनिवारी पाचला. येताना ते सॉसेज आण, तिखटवाले." दरवर्षी पहिल्या स्पर्धेच्या आधी तो असाच फोन करतो. येतोस का, असं त्याने कधी विचारलं नाही.

"मी येणार नाही," मी म्हणालो.

"बरं नाही का?"

"बरा आहे. येणार नाही."

"बरं," तो म्हणाला. "काही असलं तर सांग." दोन आठवड्यांनी चर्चच्या पायऱ्यांवर भेटला. नव्या पेट्रोलपंपावरच्या माणसाला त्याने बोटीत मागच्या खुर्चीवर घेतलं होतं. "चांगला आहे बिचारा," मला म्हणाला. "जाळं बरं धरतो."

गेल्या शनिवारी मी कारखान्यामागच्या तळ्यावर गेलो. कामगारांना तिथे मासे धरायची परवानगी आहे, पण कुणी जात नाही, वास येतो म्हणून. वाऱ्याची दिशा बरी असली की येत नाही. एप्रिलचं ऊन होतं. काठावर एक ओक उन्मळून पडलेला, त्याचा शेंडा पाण्यात बुडालेला. आडोसा असा की चित्रात काढावा. तळ्यावर माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. सगळं पाणी कोरं.

मी गळाला गांडूळ लावलं. रीळ मोकळं केलं, त्यावर अंगठा ठेवला, आणि उभा राहिलो. बुडालेल्या फांद्यांपाशी पाणी हललं, एक शेपटी वळली. चांगला मासा होता. मी तसाच उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण माझी सावली बुटांपासून निघून पाण्याच्या कडेला जाऊन पोहोचली होती. मग माझ्या लक्षात आलं, की आधी कुणीतरी गळ टाकेल म्हणून मी थांबलोय.